वाळवंटातलं हिरवं टोपरं

डिसेंबरात छत्री घेऊन वाळवंटात निघालेला माणूस कुणी पाहिलाय? मी निघालो होतो. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली, तर आतून एक छत्री, रुंद काठाची एक टोपी, प्लास्टिकची खोळ आणि तीन तऱ्हांची टोपरी बाहेर पडली. तपासणारे साहेब एकदा त्या पसाऱ्याकडे आणि एकदा माझ्या तिकिटाकडे बघत राहिले. कतारलाच चाललात ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, कतारलाच, आणि शिकारीला. त्यानंतर त्यांनी बॅग बंद करून पुढे ढकलली.

महाडला माझं छत्र्या-रेनकोटांचं दुकान आहे. पावसात डोकं कसं कोरडं ठेवायचं, एवढी एकच विद्या मला येते, पण ती पक्की येते. माझा शाळासोबती सलीम अल खोरला आहे. दोह्याच्या उत्तरेला समुद्राकाठचं हे गाव, तिथं अबू राशिद नावाच्या म्हाताऱ्या कतारी गृहस्थांकडे तो गाडी चालवतो आणि त्यांचे शिकारी ससाणे सांभाळतो. मागच्या हिवाळ्यात हे म्हातारबाबा शिकारीत भिजले, कानात पाणी गेलं, कान पिकला आणि शेवटी पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, त्या कानात आता थेंब जाता कामा नये. झालं! मोठ्या मुलानं, राशिदनं, ढग दिसले की शिकार बंद असा हुकूमच काढला. म्हातारबाबांनी जेवण टाकलं. मग सलीम मध्ये पडला. माझा दोस्त डोक्यासाठी असं काही आणेल की बाबांच्या कानाला वारासुद्धा लागणार नाही, असा शब्द त्यानं राशिदला दिला. राशिद म्हणाला, ठीक आहे, पण डोकं भिजलं तर खलास, तू तुझ्या गावी. हे सगळं सलीमनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

दोह्याला उतरलो तर हवा आपल्या महाबळेश्वरसारखी. मी घामाची तयारी करून गेलो होतो, आणि सलीमनं गाडीत बसल्याबरोबर स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली. अल खोरला त्याच्या खोलीवर त्यानं तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण केलं होतं. मी म्हटलं, अरे, इतक्या लांब येऊन महाडचंच जेवायचं का? "आज खाऊन घे," तो म्हणाला. "उद्यापासून मच्छबूस." मच्छबूस म्हणजे मटण घालून शिजवलेला मसालेभात. पुढे मी तो रोज हाणला, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी अबू राशिदांच्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) माझी परीक्षा झाली. जाड गालिचा, कडेनं लोड, आणि मधोमध वकर (ससाणे बसवायच्या गादीच्या खुंट्या) ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक खुंटीवर एक ससाणा, डोळ्यांवर कातडी बुर्का चढवून गप्प बसलेला. बुर्का घातला की ससाण्याला रात्र वाटते म्हणे. सगळ्यांत मोठी मादी शम्मा. म्हातारबाबा तिच्याशी बोलत होते तसे ते स्वतःच्या मुलाशीही बोलत नव्हते. मला त्यांनी वेलचीचा गावा (कॉफी) दिला, खजूर दिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "सदीक, दिखाओ."

सदीक म्हणजे दोस्त. मी आधी छत्री उघडली. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळ्या खुंट्यांवर एकदम असा फडफडाट उठला की मी छत्रीसकट मागे सरकलो. राशिद कपाळाला हात लावून उभा. मग काठाची टोपी: ससाणा हातावर घेतला की काठ त्याच्या तोंडात जाणार, ती बाद. मग प्लास्टिकची खोळ. आपल्याकडे शेतात लावणीला निम्मा गाव ती पांघरून वाकलेला असतो. तिची नुसती घडी मोडली, चुरचुर वाजली, आणि शम्मानं बुर्क्यातल्या बुर्क्यात मान वळवली. "जो आवाज करे, वो नहीं," अबू राशिद म्हणाले.

शेवटी मी माझं हुकमी पान काढलं. जाड सुती कापडाला मेण लावून मी स्वतः शिवलेलं हिरवं टोपरं. कपाळावर पुढे आलेलं, कानांवरून मानेपर्यंत उतरणारं, हनुवटीखाली बंद. आवाज म्हणून नाही. बाबांनी ते आपल्या पांढऱ्या गुत्र्यावरून (डोक्याच्या रुमालावरून) चढवलं, शम्मापाशी जाऊन मान हलवली, वाकले, उठले. पाखरू ढिम्म. मग राशिदनं त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तेही मजलिसच्या गालिच्यावर. कान कोरडा निघाला. सलीमनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की गावा सांडला. मला तर काय, महाडच्या बाजारपेठेचा झेंडा कतारात लावल्यासारखं झालं होतं.

चार-पाच दिवसांनी आभाळ भरून आलं आणि बाबांनी गाडी काढायला सांगितली. दारात राशिद उभा होता. त्यानं सलीमकडे बघून फक्त स्वतःच्या कानाला बोट लावलं. सलीमनं इन्शाल्ला म्हटलं, पण त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

अल खोर मागे टाकून पश्चिमेला निघालो. डांबरी रस्ता संपला, मग खडीचा, मग तोही नाही. सपाट पिवळी जमीन, मध्येच एखादी रौदा (खोलगट जागा, पाणी साचतं म्हणून झुडपं असलेली). आभाळ शिशासारखं जड आणि इतकं खाली की वाटावं, गाडीच्या टपाला लागेल. या शिकारीत बंदूक नसते. ससाणाच बंदूक. शोधायचा होता करवान, म्हणजे आपल्या माळावरचा करवानकच. नावसुद्धा तेच निघालं म्हणून मला उगाच नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

एका रौदेपाशी बाबांनी हात वर केला. त्यांनी पायांच्या ठशांकडे बोट दाखवलं, शम्माचा बुर्का दातांनी सोडवला आणि तिला सोडलं. झुडपातून करवान उठला, शम्मा त्याच्यावर सुटली. पण करवान बेरकी, झपकन दुसऱ्या झुडपात घुसला. शम्मा फुकट वर चढली आणि घिरट्या घालू लागली. त्याच वेळी पहिला थेंब पडला.

पाऊस आला की आपला हात आधी डोक्याकडे जातो. जे मिळेल ते डोक्यावर, मग पुढचं बोलणं. इथं उलटंच. लांब आणखी एका शिकाऱ्याची गाडी उभी होती. त्यातली माणसं उड्या मारून बाहेर आली, डोक्यावरचे रुमाल काढले आणि तोंड वर करून उभी राहिली. पाऊस म्हणजे रहमत, तो अंगावर घ्यायचा असतो, असं सलीमनं सांगितलं. फक्त आमचे अबू राशिद तेवढे गाडीतलं टोपरं काढून गुत्र्यावर चढवून, त्याचे बंद आवळून उभे. त्यांनी हात पुढे केला, तळव्यावर पाणी झेललं आणि ते दाढीला लावलं. मला कसंसंच झालं.

मग त्यांनी तलवाह काढला. तलवाह म्हणजे दोरीला बांधलेला पिसांचा जुडगा. तो फिरवून हाक मारली की ससाणा खाली येतो, त्याला मांस द्यायचं आणि हातावर घ्यायचं. बाबांनी तो फिरवला, हाक मारली. शम्मा खाली आली. अगदी आमच्या डोक्यांपर्यंत आली, आणि अचानक बिचकून वर गेली. परत हाक. परत आली, परत वळली. पाऊस वाढत चालला होता. सलीम पुटपुटला, पंख भिजले तर ती कुठंतरी जमिनीवर बसेल, आणि अंधारात जमिनीवर बसलेला ससाणा कोल्ह्याच्या तोंडी जातो. तिच्या पाठीवर ट्रान्समीटर होता, सलीमच्या मोबाईलवर तिचा ठिपका दिसत होता. पण ठिपका बघून पाखरू काही हाताला लागत नाही.

दिवस कलला होता. बाबांचा आवाज बसायला लागला. शम्मा दर खेपेला लांबून वळायची, आता तर ती पार रौदेच्या पलीकडून फिरत होती. तिला झालंय तरी काय, हे कुणालाच कळेना. सलीम ओठ चावत एकदा आभाळाकडे आणि एकदा बाबांच्या कानाकडे बघत होता.

आणि मला आमचा मोत्या आठवला. दुकानातला कुत्रा, माझ्या हातचं खाऊन वाढलेला. दर पावसाळ्यात मी पहिल्यांदा खोळ घेऊन दारात आलो की तो माझ्यावरच भुंकत सुटतो. आवाज देईपर्यंत त्याला मालक कळत नाही. मजलिसमध्ये आम्ही सगळं तपासलं होतं: आवाज, पाणी, वारा. पण शम्माच्या डोळ्यांवर तेव्हा बुर्का होता! तिनं ते टोपरं ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. पांढऱ्या गुत्र्याच्या माणसाकडे यायची तिला सवय, आणि खाली उभा होता हिरव्या डोक्याचा कुणी भलताच.

मी सलीमला बाजूला ओढून सांगितलं. त्यानं माझा दंडच धरला. "बोलू नकोस, विन्या. टोपरं काढलं तर माझं इथलं संपलं."

"आणि पाखरू गेलं तर?"

त्यानं दंड सोडला नाही. पाऊस त्याच्या नाकावरून गळत होता. बायको, दोन मुली, महाडला अर्धं बांधून ठेवलेलं घर, हे सगळं मला माहीत होतं. त्यानं सांगायची गरज नव्हती. टोपरं माझं, नोकरी त्याची, कान तिसऱ्याचा. तेवढ्यात बाबांनी पुन्हा हाक मारली आणि आवाज मध्येच फाटला. सलीमनं माझा दंड सोडला. मग तो स्वतःच चिखलातून त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "अरबाब (मालक), वो आपको पहचानती नहीं. टोपरा निकालो."

अबू राशिदांनी हनुवटीखालचे बंद सोडले, टोपरं काढून माझ्या हातात दिलं आणि सलीमला काहीतरी म्हणाले. सलीम त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपला तळवा त्यांच्या त्या कानावर घट्ट दाबून धरला. असे ते दोघे उभे राहिले. पुढे मालक, तलवाह फिरवणारा, पांढरा गुत्रा क्षणात भिजून डोक्याला चिकटलेला. मागे गडी, मालकाचा कान धरून. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसलो असतो. तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो.

शम्मा लांबून वळली. एक फेरी. मग आणखी एक, जरा खालून. बाबांनी हाक मारणंच थांबवलं, फक्त हात वर धरला. ती समोरून जमिनीलगत आली, सरळ, आणि तलवाहवर आदळली. मी मोठ्यानं ओरडणार होतो, सलीमनं डोळ्यांनी गप्प केलं. बाबांनी गुडघे टेकून तिला हातावर घेतलं. ती थरथरत होती, पिसं अंगाला चिकटून अगदी एवढीशी झाली होती. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला कळेना. मग त्यांनी माझ्या हातातलं टोपरं घेतलं आणि तिच्यावर तंबूसारखं धरलं.

घरी पोचलो तेव्हा राशिद फाटकात होता. त्यानं गुत्र्यातून गळणारं पाणी पाहिलं आणि सलीमकडे वळला. सलीम मान खाली घालून उभा. अबू राशिद मध्ये येऊन अरबीत काही बोलले, मग माझ्यासाठी तेच हिंदीत म्हणाले, "सलीम का हाथ था कान पे. पूरा टाइम." राशिदनं त्यांना तसंच गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. ते परत येईपर्यंत सलीम फाटकाच्या पायरीवर बसून होता, मी त्याच्या शेजारी. शेवटी गाडी आली, राशिद उतरला आणि सलीमला म्हणाला, यल्ला, चल, पाखरांना खायला घाल. एवढंच. सलीम उठला, आणि मला त्याच्या पाठीवरून कळलं की तो रडतोय.

मी महाडला परतलो. विमानात बॅग हलकी होती, टोपरं तिथंच राहिलं होतं. मनात जरा बोच होती. इतकं पावसाचं कळतं म्हणणारा मी, आणि डोकं झाकताना ते कुणाच्या ओळखीचं आहे हा विचार मला शिवला नव्हता. दुकानात आता कुणी खोळ घेऊन पाहिली की मी सांगतो, घरी जाऊन आधी कुत्र्याला दाखवा. गिऱ्हाइकं हसतात.

परवा सलीमनं फोटो पाठवला. अल खोरच्या अंगणात रणरणतं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. मधोमध अबू राशिद, डोक्यावर माझं हिरवं टोपरं, बंद हनुवटीखाली आवळलेले, चेहऱ्यावरून घाम निथळतोय. एका हातात मांसाचा तुकडा आणि दुसऱ्यावर शम्मा, बुर्क्याशिवाय, त्यांच्या तोंडाकडे बघत खातेय. खाली सलीमनं लिहिलं होतं की रोज दुपारी हेच चाललंय, घरातले हसतात, राशिद चिडतो, पण म्हातारा ऐकत नाही. म्हणतो, पुढच्या पावसाला मी असाच जाणार.

मी लगेच दुसरं टोपरं कापायला घेतलं. या खेपेला पांढरं.