आज मी नसण्याचा सराव केला

मैत्रिणींनो, आज मी दिवसभर मुद्दाम गायब होते.

माझा पवन बत्तीस वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. अंबडला आम्ही काही आईबापांनी मिळून दोन खोल्या घेतल्यात. तिथं आमची ही मोठी लेकरं कापसाच्या वाती वळतात. महिन्यातून एकदा एकेक आई लांब राहते. आपण नसल्यावर कसं होईल, त्याचा हा सराव. आज माझा नंबर होता.

बसस्टँडजवळच्या कडुलिंबाखाली टेकले आणि डोळा लागला. स्वप्नात सगळीकडं कापूस तरंगत होता. दोन खोल्यांचं मोठं घर झाल्तं. पवनचे केस पिकले होते. मी कुठंच नव्हते, तरी कुणीतरी त्याला वाढून राह्यलं होतं. वरण भातावर न ओतता, वेगळ्या वाटीत. त्याला लागतं तसं.

संध्याकाळी धावतच गेले. पवनच्या केसांत कापूस अडकला होता, शेजारी रिकामी वाटी. तिथल्या ताई म्हणाल्या, "बराबर जेवला. तुमचं नावबी न्हाई काढलं."

"चल घरी," मी म्हटलं.

वातीवरची नजर न काढता तो म्हणाला, "उद्या."

आपल्या लेकराला आपली आठवणच येऊ नये, असं तुमच्यापैकी कुणी कधी मनोमन मागितलंय का?