उशिरा येणारी पानं

त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की सगळ्यात आधी मला माझी मान आठवते. दिवसभर कचेरीत नकाशांवर वाकून ती आखडलेली असायची, आणि संध्याकाळी घरी आलो की तीच मान मी पुन्हा दुसऱ्या कागदावर वाकवायचो. जळगावात एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होतो. मूळ नकाशावर पातळ कागद पसरायचा आणि खालची रेघ न् रेघ वरच्या कागदावर गिरवायची, एवढंच काम. या कामात चलाखीला किंमत नव्हती. उशीर झाला तरी चालेल पण नाला चुकता कामा नये, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते फारच मनावर घेतलं. नाला कधी चुकला नाही, नकाशाखाली सही साहेबांची झाली आणि ती रेघ कुणाच्या हातची हे कुणी कधी विचारलं नाही.

धुळ्याला माझा एक मित्र शाळेत मास्तर होता. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्याने एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासातलं जुनं सायक्लोस्टाइल यंत्र घरी आणून ठेवलं आणि मला पत्र टाकलं: आपण आपलं स्वतःचं चित्रकथेचं पुस्तक काढायचं, दर महिन्याला एक अंक, सोळा पानं, गोष्ट माझी, चित्रं तुझी, आपल्याला अडवणारं कोण आहे? खरोखरच कुणी नव्हतं. पण अडवणारं कुणी नसलं की ‘आता पुरे’ म्हणणारंही कुणी नसतं, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

गोष्ट त्याने झकास रचली होती. रावेरकडचा केळीच्या बागेतला एक राखणदार. त्याला विहिरीत एक कुलूपबंद पत्र्याची पेटी सापडते आणि त्या दिवसापासून रोज कुणीतरी नवा माणूस येऊन म्हणतो, पेटी माझी आहे. दर अंकाच्या शेवटी मास्तर राखणदाराला कुठल्या तरी संकटात सोडून द्यायचा. मी चित्रं काढून, पाकिटात घालून, धुळ्याच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायचो. मास्तर तिकडे स्टँडवर उभा असायचा. मग तो त्या चित्रांवर स्टेन्सिल ठेवायचा, म्हणजे मेणाचा पातळ कागद, आणि टोकदार लेखणीने माझ्या रेघा त्यावर कोरायचा. कोरलेल्या रेघेतून शाई खाली उतरते आणि छाप उठतो. रेघा फार जवळजवळ आल्या तर मधलं मेण सुटतं, स्टेन्सिल फाटतं आणि तिथे शाईचं डबकं होतं.

माझ्या रेघा फार जवळजवळ असायच्या. आमच्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात केळीचं पान अखंड राहत नाही, त्याच्या चिंध्या होतात, आणि मी प्रत्येक चिंधी काढायचो. खोडावरची सुकलेली सालं काढायचो. पाण्याच्या पाटाच्या कडेला उगवलेलं गवतसुद्धा सोडायचो नाही. पहिला अंक छापून आला तेव्हा तीन पानांवर बागेऐवजी नुसती डबकी होती. दुसऱ्या अंकापासून मास्तरने परस्परच पाचातली एकच रेघ कोरायला सुरुवात केली. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन पानी पत्र लिहिलं. त्या पत्रातली भाषा इथे देण्यासारखी नाही.

तो सरळ गाडीत बसून जळगावला आला. कॉलेज सुटून बारा-तेरा वर्षं झाली होती, शाळेत तो शुद्ध बोलायचा, पण माझ्याशी भांडताना अहिराणीवरच यायचा. माझं एक पान हातात धरून म्हणाला, “भाऊ, तू झाडे मोजस का? मानूस कोठे शे यामा?”

मी बोट ठेवून दाखवला. तिसऱ्या खोडाच्या आड, पाठमोरा.

“बठ्ठा दिवस शोधसु, तवय सापडी,” तो म्हणाला; म्हणजे दिवसभर शोधला तर. “वाचनाराले पुढे काय व्हस ते जोयजे.”

वाचणाऱ्याला पुढे काय होतं ते हवं असतं, असं त्याचं म्हणणं; आधी बाग दिसली पाहिजे, असं माझं. रावेरच्या माणसाने चित्र बघून म्हणावं, हे काढणाऱ्याला केळी माहीत आहे. खरं सांगतो, मला त्या सगळ्या उपद्व्यापातून एवढंच हवं होतं. नाव नको, वाहवा नको. माझ्या रेघेकडे बघून कुणीतरी अनोळखी माणसाने एकदा म्हणावं की हा हात जाणत्याचा आहे. मास्तरला हे मी कधी सांगितलं नाही, कारण सांगताना ते फार लहान वाटलं असतं.

महिन्याचा अंक दोन महिन्यांनी निघू लागला, मग चार महिन्यांनी. मास्तरने मला नियम घालून दिले. रोज एक पान, मग काहीही होवो. पेन्सिल न लावता थेट शाई. लांबचं झाड म्हणजे तीन रेघा, चौथी नाही. मी आठ दिवस तसं करून पाहिलं. चेहरे उथळ वाटायला लागले आणि झाडं झाडूसारखी दिसायला लागली. नवव्या दिवशी मी ती सगळी पानं फाडली आणि पुन्हा पहिल्या चौकटीपासून बसलो. मास्तरच्या चिठ्ठ्या ड्रायव्हरकडून येत राहिल्या. सुरुवातीला त्यात विनोद असायचे. पुढे पुढे फक्त ‘पाठव’ एवढाच शब्द असायचा.

याच सुमारास ते एक पान माझ्या गळ्यात पडलं. राखणदार झोपडीतून निघून बागेतून विहिरीकडे धावतो, असं एकच पानभर चित्र. मास्तरच्या मते ते एका संध्याकाळचं काम होतं. माझे त्यावर सात आठवडे गेले. उन्हं तिरपी आहेत तर सावल्या कुठल्या बाजूला पडतील, ओळीतल्या दोन केळींमध्ये अंतर किती, काढणीला आलेल्या झाडाला टेकू कुठून लावतात, हे बघायला मी सुट्टी काढून दोनदा बागेत जाऊन आलो. मे महिना होता. घामाचा थेंब पडून एकदा शाई पसरली आणि पान पहिल्यापासून करावं लागलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्यातली मजा केव्हाच संपली होती. कचेरीतून यायचं, हातपाय धुवायचे आणि त्या पानासमोर बसायचं. नको वाटायचं आणि सोडवतही नव्हतं.

आणि एके दिवशी धुळ्याच्या गाडीतून उलट माझ्याचकडे गठ्ठा आला. वर चिठ्ठी: ‘थांबून थांबून दमलो. तुझ्या वाटणीचे अंक पाठवतो आहे. पुढच्या अंकाची चित्रं तरी वेळेवर पाठव.’ गठ्ठा सोडला. आमच्या पुस्तकाचा नवा अंक होता, सोळा पानं पूर्ण, मुखपृष्ठावर नेहमीप्रमाणे दोघांची नावं. आणि आत माझी एकही नवीन रेघ नव्हती.

त्याने केलं काय होतं, ते ट्रेसरच्या नजरेला लगेच कळलं. माझी जुनी पानं काचेवर ठेवून त्याने राखणदाराचे चेहरे गिरवून घेतले होते. चेहरा दुसऱ्या बाजूला वळलेला हवा असेल तिथे कागदच उलटा घातला होता, त्यामुळे सहाव्या पानावर राखणदार एकाएकी डावखुरा झाला होता. मागे झाड नाही, पाट नाही, नुसता पांढरा कागद. विहिरीकडे धावण्याचं पान तर त्याने गाळूनच टाकलं होतं. पानपान चाळत मी चुका मोजत गेलो. बाराव्या पानावर पोचलो आणि मला चक्क आनंद झाला. पेटीची किल्ली कुणीतरी केळीच्या घडात लपवली आहे, म्हणून तिथे मोठा घड काढलेला होता. असा घड माझ्या जुन्या पानांत नव्हता, त्यामुळे तो बिचाऱ्याने आपल्या मनाने काढला होता. सगळी केळी खाली लोंबणारी. झाडावरच्या घडात केळी वर वळलेली असतात, आभाळाकडे. रावेरच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. धुळ्याच्या मास्तरला केळं ठाऊक होतं ते हातगाडीवरचं.

आता याला रावेरची माणसंच सांगतील, असं मी मनाशी म्हटलं. माझी अक्का रावेरला दिलेली होती. तिच्याकडे जाताना आमचे अंक मी तिथल्या एका चहाच्या टपरीवर ठेवायचो. टपरीवाला ते दोरीवर लटकवायचा. विकत घेणारे थोडे, चहा येईपर्यंत वाचून परत अडकवणारे जास्त. केळी कापणारी आणि ट्रक भरणारी माणसं तिथे बसायची. त्या खेपेला मी अंक लटकवले आणि कधी नव्हे तो तिथेच बाकावर बसून राहिलो. माझंच नाव मुखपृष्ठावर आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मला तो घड लोकांच्या तोंडून हाणून पाडायचा होता. मित्राचं हसं व्हावं म्हणून मी साठ-सत्तर किलोमीटर आलो होतो.

एक वयस्क कापणीवाला आला. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, धुवून न जाणारे. त्याने सवयीने अंक ओढला आणि शेजारच्या दोघांना ऐकू जाईल असं वाचू लागला. बाराव्या पानाशी थांबला. मी चहाचा कप खाली ठेवला.

“हे पाह्य,” तो शेजाऱ्याला म्हणाला, “घड उलटा काहाडला यानं. काहाडनारा धुयाकडचा असन.”

तिघंही हसले. मनातल्या मनात मीही हसलो. म्हटलं, आता अंक फेकतो. त्याने पान उलटलं आणि पुढे वाचू लागला. शेवटपर्यंत वाचला. राखणदाराच्या हाती किल्ली लागते आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवतं, तिथे अंक संपत होता. “आता हा कोन आला?” असं म्हणून त्याने शेवटचं पान दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “आबा, घड चुकलाय ना? मग वाचलंत कसं?”

“घड चुकला त्याले काय व्हते? किल्ली त दिसते ना.” मग माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, “तुमीच आनता का हे पुस्तकं?”

मी हो म्हटलं. विकायला आणतो, म्हटलं.

“आंधी दुसरा कोनी काहाडे. त्याचा हात चांगला व्हता. त्याले केयी माहीत व्हती. मी यायले दाखोलं व्हतं, हे पाहा म्हने, वाऱ्यानं फाटलेलं पान कसं बरोबर काहाडलं हाये.”

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी मान मोडून बसलो होतो ते वाक्य हेच. एका टपरीच्या बाकावर, चिकाचे डाग पडलेल्या अनोळखी माणसाने ते मला जसंच्या तसं ऐकवलं. आपण कोण ते सांगून टाकावं असं वाटलं, शब्द अगदी ओठांवर आले होते.

“पन भाऊ,” तो अंक दोरीला अडकवत म्हणाला, “तो लय वाट पाहाले लावे. पुस्तक हाती यायच्या आंधी, मांगं काय झालं व्हतं तेच इसरून जाये मानूस. हा बरा हाये. त्याले म्हना, पुढचं लवकर आन.”

मी ‘सांगतो’ म्हणालो. अक्काकडे जेवायला थांबलोसुद्धा नाही. मिळाली ती गाडी पकडली आणि सावदा, भुसावळ करत जळगावला परत आलो. गाडीत जागा होती, तरी झोप लागली नाही. मास्तरवर आलेला राग शोधत होतो, तो सापडत नव्हता. उरला होता तो नुसता शिणवटा, मानेत आणि डोळ्यांत.

घरी आलो तर टेबलावर ते पान तसंच पसरलेलं. सात आठवड्यांचं काम. दोन्ही बाजूंना केळीच्या ओळी, फाटलेली पानं, टेकू, तिरप्या सावल्या, सगळं जिथल्या तिथे. मधल्या वाटेने धावणारा राखणदार तेवढा अजून पेन्सिलीतच होता. आज तरी त्याला शाई द्यावी म्हणून खुर्ची ओढली आणि हात थांबला. तो विहिरीकडे का धावतोय, मला आठवेना. पेटी टाकायला, की काढायला? कुणी मागे लागलं होतं, की विहिरीत कुणी पडलं होतं? त्याचा चेहरा घाबरलेला काढायचा की आनंदाने फुललेला, हेही मला सांगता येईना.

मास्तरने पाठवलेला अंक पिशवीत होता. त्यातल्या रेघा मी एकूण एक तपासल्या होत्या, पण गोष्ट वाचलीच नव्हती. तो बाहेर काढला, दिव्याखाली धरला आणि चपलाही न काढता उभ्या उभ्या पहिल्यापासून वाचायला लागलो. शेवटच्या पानावर राखणदाराच्या खांद्यावर हात पडला. तो हात कुणाचा, हे बघायला मी पान उलटलं. मागे काही नव्हतं. पुढचा अंक मी काढायचा होता.