पदरावरचे डाग आणि रात्रीचं जेल

"हिला काय झालंय ते सांगा, मॅडम," असं म्हणत वसंतशेठनी माझ्या तपासणीच्या टेबलावर एक साडी पसरली.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझा दवाखाना राहुरीत आहे. त्या टेबलावर आजवर ऊसवाले झोपलेत, विद्यापीठातले प्राध्यापक झोपलेत. एका गृहस्थांनी स्वतःची खरूज दाखवता दाखवता शेळीचीही दाखवायची इच्छा व्यक्त केली होती, ती मी दारातच थोपवली. साडी मात्र पहिल्यांदाच आली. वांगी रंगाची, बारीक जरीकाठाची, पदर उशीच्या बाजूला. शेठ तिच्या उशाशी एखाद्या काळजीत पडलेल्या नातेवाइकासारखे उभे होते.

मी दिवा जवळ ओढला. काठाच्या आतल्या बाजूला, वीतभर जागेत, फिके ठिपके उठले होते. वांगी रंग तिथे नारिंगीकडे झुकला होता.

"शेठ, ही माझी पेशंट नाही."

"हिची न्हाई, पण पोराची केस तुमच्याकडंच हाय," शेठ म्हणाले. "आमचा किरण. बाहेर बाकड्यावर बसवलाय."

वसंतशेठचं बाजारात साड्यांचं मोठं दुकान आहे. मीही तिथलीच गिऱ्हाईक. किरण त्यांचा सेल्समन, वय चोवीस-पंचवीस. पाथर्डीकडचा. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात, आणि घरात कोयता न धरता कमावणारा हा पहिलाच. त्याची खासियत म्हणजे साडी नेसून दाखवणं. पुरुष सेल्समन स्वतःच्या अंगावर साडी लावून दाखवतात हे आपल्याला नवीन नाही. पण किरणनं निऱ्या खोचून पदर घेतला की चार साड्या बघायला आलेली बाई सहा घेऊन जायची. मी स्वतः दोनदा अशी फसले आहे, त्यामुळे खात्रीनं सांगते.

शेठनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"लग्नसराई सुरू हाय. अशा पाच-सहा साड्या माघारी आल्या. परवा नवरीकडची एक मावशी भर दुकानात म्हणाली, कुणाची तरी नेसलेली साडी आमच्या बस्त्यात घातली. सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं. मी चौकशी केली. डाग पडलेली साडीन् साडी किरणनं दाखवलेली."

"मग?"

"मग काय, त्याचा घाम खराब झालाय. त्याच्या तोंडाला तो रोग झाला तवापासून. तुमी लिहून द्या, लागट हाय, दुसऱ्याला लागतं म्हणून. मी त्याला काउंटरवरून काढतो. सराई संपंपर्यंत गोडाऊनला, पुढं त्याच्या गावी."

तोंडाचा रोग म्हणजे पिंपल्स. आपल्याकडे मुरमं म्हणतात. किरणला साधी मुरमं नव्हती, लालबुंद, सुजलेली, दुखरी होती. कपाळावर, गालांवर आणि जबड्याच्या कडेनं मानेपर्यंत. त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींची तोंडं बुजतात, आत जंतू माजतात आणि त्याची सूज बाहेर दिसते. लागट त्यात काहीच नाही. पण किरणला त्याची लाज फार. बायका साडीची तारीफ करून वर बघायच्या आणि गप्प व्हायच्या, हे त्यानंच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

मी त्याला एक जेल लिहून दिलं होतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेलं. ते जंतू मारतं आणि बुजलेली तोंडं मोकळी करतं. चांगलं औषध आहे, फक्त त्याला एक खोड आहे. ते रंगीत कापडाचा रंग खातं. लगेच दिसत नाही. कापडाला लागतं, काही तासांनी रंग उडालेला दिसतो, आणि तो परत येत नाही. हे मी प्रत्येक पेशंटला बजावून सांगते. किरणलाही सांगितलं होतं.

साडीवरचे ठिपके मी पुन्हा पाहिले. रंग उडण्याची तऱ्हा ओळखीची होती. पण जेल रात्री लावायचं होतं आणि साड्या तो दिवसा दाखवत होता. ते साडीच्या वाटेला गेलं कसं, हे काही कळेना.

"किरणला आत बोलवा," मी म्हटलं.

किरण आला. दुकानाचा पांढरा शर्ट, नीट भांग. मुरमं बरीच बसली होती, पण चेहरा लाल, कोरडा, नाकाच्या बाजूला सालं निघालेली. एवढी आग होण्याचं कारण नव्हतं. त्याची नजर मात्र टेबलावरच्या साडीवर होती.

"जेल कधी लावतोस?"

"रात्री, मॅडम."

"आणि?"

त्यानं शेठकडे चोरून बघितलं.

"किरण, मी तुझी डॉक्टर आहे, शेठची नाही. आणि?"

"सकाळी निघताना. आन् दुपारी जेवल्यावर, मागल्या खोलीत. रात्री एकदा लावून एवढा फरक पडतोय, मग म्हणलं तीनदा लावलं तर सराईच्या आत तोंड साफ हुईल."

आपली माणसं औषध युरियासारखं टाकतात. मूठभरानं पीक हिरवं दिसलं की गोणी ओतायची. तुरीच्या दाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला पुरतं, असं मी सांगितलं होतं. किरण टूथपेस्टच्या मापानं लावत होता.

"कापडाचा रंग जातो, हे सांगितलं होतं ना मी?"

"व्हय की. म्हणून तर रूमवर पांढरी उशी घेतली. टॉवेल पांढरा, बनियन पांढरं. शर्ट दुकानाचा पांढराच हाय."

"आणि साडी?"

किरणनं माझ्याकडे फार निरागसपणे पाहिलं. "तुमी उशी न् टॉवेल म्हणला हुतात. साडीचं कुठं म्हणलात?"

खरं होतं ते. त्याला दोनदा साडी नेसलेला पाहूनही, पुरुष पेशंटला साडी सांभाळ असं सांगायचं मला सुचलं नव्हतं.

पण शेठ असे पटणारे नव्हते. "साडी हा खांद्यावर घेतो, मॅडम. औषध तोंडाला. मग डाग काठापाशी कसा? घामच हाय तो."

प्रश्न रास्त होता. मी किरणला म्हटलं, "ही साडी घे आणि दुकानात दाखवतोस तशी दाखव. बस्त्याची पार्टी आली आहे असं समज."

तो आधी लाजला. मग साडीला हात लागला आणि लाजणं गेलं. कमरेला खोच, निऱ्या, पदर डाव्या खांद्यावर. मी नवरीच्या आजीचा आवाज काढून म्हटलं, "खांद्यावर बरा दिसतोय, बाबा, पण आमच्यात डोक्यावरून घेत्यात."

किरणनं सवयीनं पदर डोक्यावर ओढला, दोन बोटांनी काठ जबड्यापाशी धरला आणि पापण्या खाली टाकल्या. माझी रिसेप्शनिस्ट दारातून बघत होती, ती "अगं बाई" म्हणाली.

"हलू नकोस," मी म्हटलं.

काठाच्या आतले वरचे ठिपके कपाळावरच्या मुरमांवर बसले होते. खालचे जबड्याच्या कडेवर. मी शेठचा हात धरून त्यांना जवळ आणलं आणि एकेक ठिपका दाखवला. बस्त्याला आलेल्या प्रत्येक आजीनं, प्रत्येक आत्यानं डोक्यावरून पदर मागितला होता, आणि किरणनं ताज्या जेलवर ओढून तो दाखवला होता. मग घडी, मग पिशवी, मग दोन दिवसांनी मावशी.

शेठनी एका ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे घाम चांगला हाय?"

"घाम उत्तम आहे. लागट तर काहीच नाही. पाहिजे तर तेवढं लिहून देते."

किरण पदरातच उभा होता. त्यानं एकदम काठ तोंडावर घेतला. मला वाटलं हसतोय. तो रडत होता. "मला गोडाऊनचं कळलं हुतं, मॅडम," तो म्हणाला. "आईला फोनवर काय सांगायचं तेच जुळवत हुतो बाहेर बसून." मला फार वाईट वाटलं. शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी साडी सोड, ती अजून खराब होईल." मायेची बोली प्रत्येकाची वेगळी असते.

मग उपचार ठरला. चेहऱ्याची आग बसेपर्यंत जेल बंद, फक्त क्रीम. नंतर रात्री एकदाच, दाण्याएवढं, आणि सकाळी तोंड नीट धुऊन मगच दुकान.

"आणि काही दिवस डोक्यावरून पदर पुतळ्यावर दाखवा," मी शेठना म्हटलं.

"पुतळा लाजत न्हाई, मॅडम," शेठ म्हणाले.

धंद्यातलं मला काय कळणार. शेवटी किरणनं कपाळाला पांढरा रुमाल बांधायचा आणि काठ जबड्याला टेकवायचा नाही, यावर तडजोड झाली. शेठनी मावशींना दुसरी साडी दिली आणि खरं कारणही सांगितलं. मावशींना कारण पटलं नाही, साडी पटली.

डागाची साडी शेठनी माझ्याकडेच सोडली. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि जेल लिहून दिलं की काढून दाखवू लागले. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, उडालेला रंग विसरत नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी किरण तपासणीला आला. चेहरा साफ, एखादा जुना डाग सोडला तर. त्याच वेळी आत एक कॉलेजची मुलगी आणि तिची आई होती. मी मुलीला जेल समजावत होते, आणि साडी उलगडताना माझी घडी चुकली. किरणला ते बघवेना. त्यानं साडी माझ्या हातातून घेतली.

"अशी लावायची न्हाई, मॅडम. हे बघा ताई, रात्री लावायचं, दाण्याएवढं. सकाळी तोंड धुवायचं. न्हाईतर काय हुतं?" असं म्हणत त्यानं पदर डोक्यावरून घेतला, काठ धरला आणि पापण्या टाकल्या. "हे असं हुतं."

मुलगी हसली. तिला सगळं समजलं होतं. आई मात्र पुढे वाकून काठ चाचपत होती.

"ह्याच रंगात बिनडागाची मिळंल का?"

"मिळंल की, मावशी. संध्याकाळी वसंतशेठच्या दुकानात या. माझं नाव सांगा."

तेव्हापासून जेल लिहून देण्याआधी मी पेशंटला दिवसभर काय काम करतो ते विचारते. साडी मात्र आता ड्रॉवरमध्ये नाही. किरणनं ती नीट घडी घालून माझ्या मागच्या शेल्फवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आहे.