अविनपोकाचा वाडगा

अविनपोकाच्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्या झिंबुगा गावातल्या बायका हसून म्हणायच्या. पण ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ती खरोखरच कुठे टेकत नव्हती. चुलीपाशी बसली की उठायची, उठली की दाराशी जायची, दारातून समोरच्या मिशनकडे बघायची आणि पुन्हा चुलीपाशी. चवळी निवडायला घेतली तर खडे सुपात राहायचे आणि दाणे बाहेर जायचे. सुनेने विचारलं, तर म्हणायची, "काही नाही गं, गुडघे आखडलेत." आखडलेल्या गुडघ्यांनी कुणी दिवसात वीस फेऱ्या घालतं का?

बाई पन्नाशीची, विधवा. अकरा वर्षं मिशनच्या आवारात कामाला होती. आवार एक, घरं दोन. एका घरात हेंड्रिक आणि मरैके, समुद्रापलीकडून आलेले. तो दिवसभर म्हाताऱ्यांना घेऊन पवित्र शास्त्राचं एकेक पान आमच्या भाषेत आणत बसायचा, ती नर्स. दुसऱ्या घरात सेथ आणि जिफा. ते आमच्याच देशाचे, पण दक्षिणेच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे आमच्या लेखी तेही तेवढेच परके. सेथ सायकलवरून वस्त्यावस्त्यांत जाऊन प्रार्थना घ्यायचा आणि जिफा बायकांना लिहायला शिकवायची.

या आवाराची जमीन दिली अकुडुगूने. अकुडुगू म्हणजे आमच्या भूमीचा धनी. त्याच्या शब्दाशिवाय इथे खांबसुद्धा रोवता येत नाही. त्याने त्या वेळी एवढंच विचारलं होतं, "तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?"

"भाऊ," हेंड्रिक म्हणाला.

म्हाताऱ्याने एकदा गोऱ्याकडे पाहिलं, एकदा काळ्याकडे पाहिलं. "तुमच्या आईला एकदा भेटायला हवं," तो म्हणाला, आणि सगळी सभा पोट धरून हसली. पण तो शब्द म्हाताऱ्याने सोडला नाही. भावांना म्हणून जमीन दिली, भाऊ असाल तोवर तुमची, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

आमच्याकडे भावाभावांच्या चुली वेगळ्या असतात, त्याचं कुणाला काही नाही. पण रोज संध्याकाळी या चुलीवरचा वाडगा त्या चुलीकडे जातो, त्या चुलीवरचा इकडे येतो. तो थांबला की गावाने काय समजायचं ते समजावं. मरैकेने पहिल्याच संध्याकाळी जिफाचा वाडगा साबणाने लख्ख घासून, पुसून, रिकामा परत पाठवला होता. सकाळी हातपंपावर बोभाटा, गोऱ्या बाईने आल्या आल्या भांडण काढलं! अविनपोकाने तिला समजावून सांगितलं तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली, आणि त्यानंतर एकदाही चुकली नाही. दुपारचं अविनपोका रांधायची. संध्याकाळचं मात्र दोघी आपापल्या हाताने करायच्या आणि वाडग्याची ने-आण करायची ती अविनपोकाने.

दहा वर्षं हे चाललं. मग मागच्या थंडीत, कोरडा वारा सुटला होता तेव्हा, जिफाला सातवा महिना होता. मिशनची एकच गाडी. नाताळासाठी पीटरला, म्हणजे मरैकेच्या मुलाला, शाळेतून आणायला हेंड्रिक ती घेऊन गेला होता. त्याच दिवशी जिफाला रक्त जाऊ लागलं. मरैकेने हातात होतं ते सगळं केलं, पण मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. सेथने गाढवाची गाडी जुंपली. अविनपोका जिफाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेतच मूल झालं, मेलेलं, मुलगा. दोन दिवसांनी हेंड्रिक आला. पीटर गाडीतून उडी मारून धावत आला आणि मरैकेने त्याला कवटाळलं. समोर ओसरीत जिफा बसली होती.

"तुझा आला ना घरी," ती म्हणाली. त्यानंतर ती मरैकेशी बोलली नाही. वाडगाही थांबला.

कुणाचा दोष म्हणायचा? गाडी काही मुद्दाम नेली नव्हती. पण दुःखाला कुठेतरी बोट दाखवायला लागतं, आणि समोर मरैके होती.

तीन संध्याकाळी वाडगा दिसला नाही, तेव्हा हातपंपावर एकीने अविनपोकाला गाठलंच. "काय गं, भावांनी चूल तोडली वाटतं?"

"तुझ्या जिभेला काही हाड? ताप होता मला, म्हणून नेला नाही."

त्या संध्याकाळी मरैके दवाखान्याच्या खोलीत गेल्यावर अविनपोकाने तिच्या भांड्यातली अंबाडीची भाजी वाडग्यात काढली. नुसती आळणी! जिफा ही परत पाठवेल, या भीतीने तिने पदराला बांधलेला दावादावाचा चिमूटभर गोळा कुस्करून त्यात टाकला. आंबवलेल्या बियांचा तो काळा गोळा मरैकेला वासानेही सोसायचा नाही, आणि आम्हाला त्यावाचून जेवण जात नाही. सगळ्या गावाला दिसेल असा वाडगा डोक्यावर घेऊन ती आवार ओलांडून गेली.

"पीटरच्या आईने दिलंय," ती म्हणाली.

जिफाने मान वर केली नाही, पण वाडगा ठेवून घेतला. परत येताना अविनपोकाने तिचा डोळा चुकवून तिच्या भांड्यातली चवळी भरून आणली. "एलोर्मच्या आईने दिलंय," इकडे सांगितलं. एलोर्म जिफाची चार वर्षांची मुलगी. मरैकेचे डोळे भरून आले आणि अविनपोकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात महिने ती रोज दोनदा खोटं बोलली. बाप्तिस्मा घेतलेली बाई! रविवारी सेथ बोलायला उभा राहिला की ती त्याच्या चपलांकडे बघत बसायची.

तिने दोघींनाही सांगून पाहिलं नाही असं नाही.

"तू स्वतः घेऊन जा ना एकदा," ती मरैकेला म्हणाली.

"कुठल्या तोंडाने जाऊ, मावशी?"

"पीटरची आई रडते गं," ती जिफाला म्हणाली.

"रडू दे. तिला रडून झाल्यावर जवळ घ्यायला मुलगा आहे."

अविनपोका वाडगा उचलायची.

आणि आता हळवी बाजरी कणसात आली होती. पाऊस चुकतमाकत पडलेला, कणसं बारीक, अर्धी पोचट. अशा वर्षी लोक कारण शोधतात. नवी बाजरी तोंडात घालण्याआधी आमच्याकडे घरातली सगळी एकत्र उभी राहतात, तुंब्यातल्या पीठपाण्याची एकेक चूळ घेतात आणि "माझ्या पोटात काही नाही" म्हणून ती जमिनीवर फुंकरतात. राग पोटात ठेवून खोटी चूळ फुंकली, तर भूमी त्या घरातलं एक मूल घेते. मिशनची घरंही हे करायची, स्वतःची प्रार्थना म्हणून. मन साफ करायला आमच्या शास्त्राची ना नाही, असं हेंड्रिक म्हणायचा.

आता खरं सांगावं, तर भाऊ भाऊ राहिले नाहीत म्हणून अकुडुगू जमीन काढून घेणार. अकरा वर्षांचं आवार मोडणार, दोन्ही घरं दोन दिशांना जाणार. आणि गप्प बसावं, तर दोघी खोटी चूळ फुंकणार आणि मग एलोर्म नाहीतर पीटर. एलोर्मला तर तिने पाठीला बांधून वाढवली होती. भूमी मुलं घेत नाही, हे सेथने शंभरदा सांगितलं होतं आणि अविनपोकाने शंभरदा मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं. तिची झोप गेली, अन्न गेलं, नुसत्या फेऱ्या राहिल्या.

चूळ फुंकायच्या दोन दिवस आधी अकुडुगू काठी टेकत तिच्या दाराशी आला.

"वाडगा जातोय ना?"

"जातोय की, बाबा. अख्खं गाव बघतंय."

"मीही बघतो. मला सांग, भरतं कोण?"

"ज्याची चूल तो भरतो."

म्हाताऱ्याने काठी उचलली. "तू बारीक झालीस," एवढंच म्हणून तो निघून गेला. तिला वाटलं, हाक मारून सांगून टाकावं. पण ती पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

बाजरीच्या सकाळी आवारात, ज्याच्या बियांचं तेल काढतात त्या शियाच्या झाडाखाली, दोन्ही घरं आली. पुरुष मध्ये, बायका दोन टोकांना, मुलं, सुट्टीवर आलेला पीटरसुद्धा, आईच्या कपड्याला धरून. अकुडुगू काठीवर हनुवटी ठेवून बसला होता. तुंबा अविनपोकाच्या हातात, नेहमीसारखा. तो आधी जिफाला द्यायचा की मरैकेला?

"आधी मी," ती एकदम म्हणाली. "सात महिने वाडगे मी भरले. हिने पाठवलं नाही, तिने पाठवलं नाही. मी चोरून भरले आणि दोघींशी खोटं बोलले. बाबा, तुमच्याशीही बोलले. आता काय करायचं ते करा, पण या पोरांना काही होऊ देऊ नका." तिने चूळ घेतली, फुंकरली आणि तिथेच मटकन खाली बसली.

जिफा टोकावरून पुढे आली.

"मला ठाऊक होतं," जिफा म्हणाली. "पीटरची आई दावादावा घालते का कधी? पहिल्याच घासाला कळलं."

"मलाही," मरैके खालमानेने म्हणाली. "एलोर्मची आई माझ्यासाठी चवळी मिरची घालायच्या आधी बाजूला काढून ठेवायची. सात महिने माझी जीभ पोळली."

"अगं बायांनो, मग बोलला का नाहीत?" अविनपोका रडता रडता चिडलीच. "मी इथे झुरून मेले!"

"मी डाव भांड्यातच ठेवून बाहेर जायचे," मरैके म्हणाली. "तुला काढता यावं म्हणून."

जिफाने हात पुढे केला. अविनपोकाने बसल्या बसल्याच तुंबा तिच्याकडे दिला. जिफाने चूळ घेतली. गाल फुगले. सगळे बघत होते, सेथने डोळे मिटले होते. तिने मरैकेकडे पाहिलं, मरैकेला बिलगलेल्या पीटरकडे पाहिलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चूळ काही बाहेर येईना. शेवटी तिने ती गिळून टाकली.

"नाही जमत," ती म्हणाली. "अजून आहे पोटात. खोटं कशाला सांगू?"

अविनपोकाने तोंडावर हात धरला. संपलं सगळं, असं तिला वाटलं. अकुडुगू सावकाश उठला.

"साठ वर्षं मी चुळा बघतोय," तो म्हणाला. "फुंकणाऱ्यांतले निम्मे खोटे फुंकतात. गिळलेली पहिल्यांदा बघितली. या घराने यंदा नवी बाजरी खायची नाही. जुनी असेल ती खा. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारेन."

"आणि जमीन?" हेंड्रिकने विचारलं.

"माझा भाऊ माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हता," म्हातारा जाता जाता म्हणाला. "भाऊ नव्हता तर काय शेजारी होता?"

त्या संध्याकाळी गावभर नव्या बाजरीचा वास सुटला होता आणि मिशनमध्ये गेल्या वर्षीची कडवट बाजरी शिजत होती. अविनपोका सवयीने उठली, मरैकेच्या चुलीपाशी वाडगा घ्यायला गेली. वाडगा जागेवर नव्हता. बाहेर येऊन बघते, तर मरैके तो दोन्ही हातांत धरून, सांडत सांडत, आवार ओलांडत होती. डोक्यावर घ्यायला बाईला कधी जमलंच नाही. जिफा दारात आली, वाडगा घेतला, आत गेली. मरैके तिथेच उभी राहिली.

बऱ्याच वेळाने जिफा बाहेर आली. वाडग्यात शिजवलेलं काहीच नव्हतं. तळाशी दावादावाचा एक काळा गोळा होता.

"उद्यापासून हा तू स्वतः घाल," ती मरैकेला म्हणाली. "मावशीचा हात फार जड आहे."

मरैकेने वाडगा नाकापाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि तो छातीशी धरून घराकडे वळली. अविनपोका वाडगा घ्यायला चार पावलं पुढे गेली, थांबली, आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली. त्या संध्याकाळी तिला कुठेच जायचं नव्हतं.