बाईंची हरवलेली नदी

एकतीस वर्षं भूगोल शिकवून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. फळ्यावर न बघता अख्खा खंड काढायच्या. पण स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. जुन्या शहरांच्या धड्यातलं एक शहर त्यांचं फार लाडकं. चहूबाजूंनी तट, सात वेशी आणि मधून नागमोडी जाणारी नदी. तो धडा आला की बाईंचा आवाज चढायचा आणि तास संपल्याचं भानही राहायचं नाही.

"शिकवलंस खूप, आता बघायचं कधी?" त्यांची शाळासोबतीण एक दिवस म्हणाली. तिला सगळे सिस्टर म्हणत. बाळंतपणाच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली होती. तिसरी मैत्रीण टेलरताई. ती म्हणाली, "हातातली शिवणं संपू देत, मग मी मोकळीच."

निघताना बाईंची सून म्हणाली, "आई, मोबाइलमध्ये नकाशा टाकून देते."

"मला नकाशा? अगं, ते शहर मला तोंडपाठ आहे!"

त्या शहरात पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी बाई छत्री उंचावून पुढे आणि दोघी मागे. एक वेस सापडली, घड्याळाचा मनोरा सापडला. बाईंची छाती फुगली. "आता या उतारावरून वळलं की समोर नदी."

वळल्या. समोर दगडी रस्ता, फुलांची दुकानं, एक पाववाला. नदी नाही. आणखी दोनदा वळल्या आणि फिरून त्याच पाववाल्यासमोर आल्या. तिसऱ्यांदा त्याने ओळखीचं हसून हात हलवला.

"तुझी नदी माहेरी गेली वाटतं," टेलरताई म्हणाली. सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली. बाईंचं मात्र तोंड एवढंसं झालं. एकतीस वर्षं पोरांना चुकीचं तर नाही ना शिकवलं?

तेवढ्यात शेजारच्या उघड्या खिडकीतून पाढ्यांसारखा एकसुरी गलका ऐकू आला. बाईंनी आत डोकावलं. वर्ग होता, आणि भिंतीवर कापडी नकाशा टांगलेला होता. पुढचामागचा विचार न करता त्या सरळ आत शिरल्या. फळ्याशी उभ्या असलेल्या मास्तरांच्या बाहीला खडूची पूड लागली होती. भाषा कोणाची कोणाला कळेना. बाईंनी नकाशातल्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं, मग खिडकीबाहेर दाखवलं आणि दोन्ही हात पसरले: कुठाय?

मास्तर आधी चक्रावले, मग खो खो हसत सुटले. त्यांनी टाळी वाजवली तशी सगळी पोरं बाकांवरून उठून रस्त्यावर धावली. रस्त्याच्या मधोमध लोखंडी जाळी होती. एका मुलीने तिला कान लावला आणि बाईंना खूण केली.

बाई गुडघ्यांवर बसल्या. जाळीला कान लावला. खाली, दगडांच्या पोटात, पाणी खळाळत होतं.

"अगं, आहे! इथेच आहे!" त्या ओरडल्या. "वरून रस्ता बांधलाय मेल्यांनी!"

मग सिस्टर बसली, टेलरताई बसली. येणारेजाणारे थांबून बघू लागले. टेलरताई म्हणाली, "बघू देत. आपल्याला कोण ओळखतंय इथे?"

परत वर्गात आल्यावर मास्तरांनी खडू बाईंच्या हाती दिला आणि प्रश्नार्थक मान हलवली: तुम्ही कुठल्या? बाईंनी फळ्याकडे पाठ केली आणि मागे हात नेऊन, एकदाही न बघता, आपल्या देशाचा किनारा काढला, आतल्या नद्यांसकट. पोरांनी बाकं बडवली. मास्तरांनी वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

पुढचे तीन दिवस तिघींनी राजवाडा पाहिला नाही की संग्रहालय. जाळी दिसली की कान लावायचा, पाण्याचा आवाज ऐकायचा आणि पुढे निघायचं. सिस्टर तर आवाजावरून सांगू लागली, "इथे जरा दमलीये बिचारी, पण ठोके व्यवस्थित आहेत."

चौथ्या दुपारी तटाबाहेर एका कमानीखालून नदी उजेडात आली. फार मोठी नव्हती. नकाशात होती त्याहून बारीकच. तिघींनी चपला काढल्या, काठावर ओळीने बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. पाणी असं गार होतं की टेलरताई किंचाळली आणि बाई पोट धरून हसत राहिल्या.