आधी सुई, मग पट्टी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. धुळ्याला नर्सिंग शिकायला आले तेव्हा वाटायचं, इथे जे चाललंय ते शहाण्या माणसांनी विचार करूनच ठरवलं असेल. जळितांच्या वॉर्डात तो समज गेला.

तिथे शिरपूरकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. स्टोव्हच्या भडक्यात छाती आणि दोन्ही हात भाजलेले. सकाळी आठला ड्रेसर तिच्या पट्ट्या सोडायचा, कारण राऊंडला डॉक्टरांना जखम उघडी दिसायला हवी. राऊंडमध्ये डॉक्टर दुखण्याचं इंजेक्शन लिहायचे. मग सिस्टर कपाट उघडून ते द्यायच्या. म्हणजे किंचाळून किंचाळून ती थकल्यावर. रोज. मी तिचे खांदे धरायचे आणि ती विनवायची, "बाई, पयले सुई दे ना वं, मंग सोड."

मी सिस्टरांना भीतभीत विचारलं, तर म्हणाल्या, "ऑर्डर नसताना देऊ? शिकायला आलीस ना, शीक."

त्याच आठवड्यात पुण्याहून एक डॉक्टरबाई आल्या. रुग्णाच्या वेदना कशा कमी करायच्या, याचं प्रशिक्षण होतं; डॉक्टर, सिस्टर, ड्रेसर, सगळ्यांना एकत्र. एकत्र म्हणजे पंख्याखाली डॉक्टर, मागे आम्ही आणि ड्रेसर दाराशी उभा. बाईंनी सगळ्यांना उठवून गोल बसवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या एका रुग्णाची सकाळ सांगा."

मी त्या भाजलेल्या बाईची सांगितली. मध्येच घरची बोली येत होती.

"पण मी तर इंजेक्शन रोज लिहितो!" आमचे निवासी डॉक्टर म्हणाले.

"लिहिता ना साहेब. तोवर माझं काम उरकलेलं असतं," ड्रेसर म्हणाला.

"मग बोलला का नाहीत, भाऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज पहिल्यांदा कुणी बसा म्हणालं, साहेब."

सगळे हसले. सिस्टरसुद्धा. घरात जुनी गंमत निघावी तसे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसू नका," मी म्हणाले. "ती ओरडते ते तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतं."

डॉक्टर म्हणाले, "ऑर्डर आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवतो." सिस्टर म्हणाल्या, "मग मी साडेसातला देते."

झालं. नवं औषध लागलं नाही, वरची परवानगी लागली नाही. ज्यांनी हे एकमेकांना सांगायचं, ती माणसं रोज त्याच खाटेजवळून जात होती. याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटताना ती कण्हली, पण किंचाळली नाही. मग डोळे उघडून तिने कारण विचारलं, "हाई पयलेच काबर नही करं, बाई?"

"बोलू नकोस, पडून राहा," सिस्टर तिला म्हणाल्या.

"बोलू द्या तिला," मी म्हणाले.