जयाने थाळीत दाखवलेला विषाणू

सोमारीबाईला सांगण्यात आलं, की उद्यापासून जाळं ओढायला येऊ नको. ती भांडली नाही. घरीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आली आणि तलावाच्या पाळीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही.

जयाला हे कळलं आणि तिने रजा टाकली.

जया त्याच गावची. पोंभुर्ण्याच्या बाजूचं, तलावावर जगणारं मासेमार ढिवरांचं गाव. ती सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. महिन्याभरापूर्वी तिनेच मोहल्ल्यात शिबिर घेतलं होतं. हिपॅटायटिस सीच्या तपासणीत तिघांच्या पट्टीवर दुसरी रेष उमटली. तिने तिघांना वेगवेगळं बसवून सांगितलं. दोघे पुरुष गप्प राहिले. सोमारीबाईने मात्र हातपंपावर सगळ्या बायांना सांगून टाकलं. असं काही लपवायचं असतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

गावाने ठरवलं, की रोग पाण्यातून पसरतो. सगळ्यांत मोठ्याने बोलला लटारू. त्या दोघांपैकी तो एक होता. जयाला ते ठाऊक होतं. तिने ते ओठावर येऊ दिलं नाही.

तिच्या मनावर दुसरंच ओझं होतं. तिघांनाही तिने विचारलं होतं, अंगातून रक्त शेवटचं कधी निघालं? कुणाचं ऑपरेशन नाही, कुणाला रक्त चढवलेलं नाही. तिघांनी आपापला तळहात पुढे केला होता.

शिंगी माशाचा काटा हातात मोडला की आग होते. अशा वेळी गाव दवाखान्यात जात नाही, डोमाभाऊंकडे जातं. डोमाभाऊ जाळं शिवायच्या दाभणाने काटा उकरून काढतात, रक्त वाहू देतात आणि दाभण हळदीच्या तेलात बुडवून ठेवतात. मोबदला तंबाखू-सुपारीचा एक खर्रा. तीस वर्षं तेच दाभण, तीच तेलाची वाटी. डोमाभाऊ जयाचे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. लॅबचं शिकायला तिला चंद्रपूरला नेऊन सोडणारे तेच.

जयाने बोलावलं तशी पाळीवर वीसेक माणसं जमली. जयाने घरून थाळी आणली होती. तिने तीत तलावाचं पाणी घेतलं.

"नोकरी लागली म्हणून आमाले शिकवतं काय वो?" लटारू म्हणाला.

"शिकवू दे ना गा," डोमाभाऊंची बायको कुंताबाई म्हणाली. "तू तं चौथीतच मास्तरले सोडून पळाला."

लोक हसले. जया हसली नाही. "बकऱ्याची कलेजी खाता ना," तिने विचारलं. "तशीच आपल्या पोटात असते. हा विषाणू तिच्यातच घर करते. हात लागल्यानं, पाण्यानं, मासोळीनं तो तिथवर पोचत नाई. त्याले रक्ताचीच वाट लागते."

"अन रक्तात गेला मंग?" कुणीतरी विचारलं.

"चरबीच्या कणांत दडते. कलेजीच्या पेशीले वाटते, खानं आलं. ती त्याले धरते. एका हातानं नाई, चार-पाच हातांनी. धरता धरता दोन पेशींच्या सांध्यापाशी सरकवते. मंग सोता गिळते."

"सोता?" सोमारीबाईने विचारलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"सोताच. पेशीच्या आत एक पिशवी होते, हा त्या पिशवीत. पिशवी आतून आंबट होत जाते. तेवढ्याचीच तो वाट पाह्यते. त्याचं कातडं तेलकट, पिशवीचंही तेलकट. आता पाहा."

तिने थाळीत तेलाचे दोन थेंब सोडले. काडीने त्यांना जवळ आणलं. थेंब एकमेकांना टेकले, जरा वेळ तसेच राहिले. मग एक झाले. कधी झाले ते कुणालाच नीट दिसलं नाही.

"असं. कातडं मिसळलं का त्याचं पोट पेशीत उघडते. पोटात एक हुकूम असते, माह्यासारखे आणखी बनवा. पेशी बनवत बसते. हे मिसळणं नेमकं कसं होते, ते मोठमोठ्या शास्त्रज्ञायलेही पुरतं उमगलं नाई."

डोमाभाऊ थाळीवर वाकले होते. "मंग सोमारीच्या रक्तात हा गेला कसा?"

या प्रश्नाला तिला खोटं उत्तर देता आलं असतं. चालूनही गेलं असतं.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "पोळ्याच्या आधी तिचा काटा तुमी काढला होता."

डोमाभाऊंनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला.

"तेलात बुडवतो ना मी दाभण. हळदीच्या."

"तेलानं तो मरत नाई. एकाचं रक्त दाभणाले राह्यते अन दुसऱ्यात जाते. पक्कं मी नाई सांगू शकत. पण दुसरी वाट मले सापडली नाई."

डोमाभाऊ खाली बसले. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, दाभण काढून जयाच्या हातात दिलं. मग बोट पुढे केलं.

"पयले माह्यं पाह्य."

जयाने दवाखान्यातून आणलेल्या नव्या सुईचं पाकीट फोडलं. ज्या माणसाने तिला पोहायला शिकवलं त्याच्या बोटात ती टोचली. वीस मिनिटं दोघं पट्टीकडे बघत राहिली. काय उमटलं ते त्या दोघांनीच पाहिलं. बाकीच्यांना तिने एवढंच सांगितलं, की मोठी तपासणी पुढे होईल, विषाणू निघाला तर बारा आठवडे गोळ्या, दवाखान्यात फुकट, आणि बहुतेक सगळे बरे होतात.

"मीबी निघालो होतो त्या पट्टीत," लटारू अचानक म्हणाला. तो जयाकडे बघत नव्हता. "हिनं सांगतलं नाई कोनाले."

कुंताबाईने थाळी उचलली आणि त्यातलं तेलकट पाणी बाजूला ओतलं.

सोमारीबाई उठली. लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आणि जाळ्याची दोरी धरली. लटारू मागोमाग उतरला. तिच्या बाजूला जाऊन उगाच उभा राहिला.

"ओढ ना गा," ती म्हणाली. "मधात काऊन उभा हायस?"